पेट्रोल भरले आणि दिवा लागला : टाकीच्या झाकणाचा इतिहास

#थ्रेड

अमेरिकेतील मोटारमालकांच्या चांगल्या परिचयाचा एक प्रसंग आहे. पंपावर टाकी भरावी, घरी यावे, एक-दोन दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी आणि मग एका सकाळी डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागावा. गाडी धक्के खात नाही, धूर ओकत नाही, तिची ओढही कमी झालेली नाही. मेकॅनिककडे नेल्यावर तो बॉनेट उघडतच नाही. गाडीच्या मागच्या बाजूला जातो, पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून पाहतो, पुन्हा टकटक असा आवाज येईपर्यंत घट्ट फिरवतो आणि म्हणतो, दोन-चार दिवस वाट पाहा.

'इंजिन तपासा' असे बजावणारा दिवा, आणि दोष मात्र इंजिनापासून गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला! वाचकहो, या दिव्याचे नावच मुळी फसवे आहे. इंजिनाच्या प्रकृतीची काळजी म्हणून तो जन्मला नाही. त्याचा जन्म हवेच्या काळजीतून झाला, आणि मोटार कंपन्यांच्या शब्दावर विश्वास न उरलेल्या एका सरकारी मंडळाने तो साक्षीदारासारखा गाडीच्या पोटात बसवला. ही साक्ष कशी उभी राहिली, ती कोणी दडपली आणि भारतात येताना तिचा कोणता भाग वाटेतच गळून पडला, ते या थ्रेडमध्ये पाहू.

आरंभ जुलै १९४३ मधील लॉस एंजेलिसपासून करावा लागतो. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. शहरावर एके दिवशी असे तपकिरी धुके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे दुखू लागले आणि काही अंतरापलीकडचे दिसेनासे झाले. पर्ल हार्बरला दोन वर्षेही झाली नव्हती; जपानने विषारी वायूचा हल्ला केला अशी अफवा उठणे स्वाभाविक होते. मग संशय गेला तो ॲलिसो स्ट्रीटवरील एका कारखान्यावर. तेथे कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन तयार होत असे. लोकांच्या संतापापुढे तो कारखाना काही काळ बंद करण्यात आला. धुके मात्र येतच राहिले.

या धुक्याचे कोडे सोडवणारा माणूस मोटारींचा जाणकार नव्हता, अननसाचा होता. आरी यान हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडमधील उत्रेख्तचे, कॅलटेकमध्ये जीवरसायनाचे प्राध्यापक. अननसाला त्याचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो, याचा ते शोध घेत होते. त्यासाठी फळांची वाफ अतिशीत नळ्यांतून नेऊन तिचा अर्क गोळा करण्याचे साधन त्यांच्यापाशी होते. त्याच साधनातून त्यांनी लॉस एंजेलिसची हवा ओढली आणि नळ्यांच्या तळाशी तपकिरी, उग्र वासाचे थेंब साचले. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : पेट्रोलमधून येणारी हायड्रोकार्बने आणि ज्वलनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर कडक ऊन पडले की ओझोन तयार होतो. डोळ्यांत पाणी आणणारे ते धुके म्हणजे या रासायनिक खेळाचे फलित होते. हवेत ओझोन किती आहे हे पाहण्याची त्यांची एक युक्तीही मोठी साधी होती. ताणलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात भेगा पडतात ते मोजायचे. (रबराच्या कारखान्यावर आलेला आळ अखेर रबरानेच पुसला, असे म्हणायला हरकत नाही.)

तेल उद्योगाला हा निष्कर्ष अर्थातच रुचला नाही. त्या उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून हागेन-स्मिट यांना चुकीचे ठरवण्याचे प्रयत्न झाले. पण प्रयोग पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले.

आता आपल्या झाकणाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे. हायड्रोकार्बने केवळ सायलेन्सरमधून बाहेर पडत नाहीत. पेट्रोल हे मुळातच उडून जाणारे द्रव्य आहे. उन्हात उभ्या असलेल्या, इंजिन बंद असलेल्या मोटारीच्या टाकीतूनही ते वाफ होऊन निसटत असते. कोणतेही नियंत्रण नसलेल्या जुन्या मोटारीच्या हायड्रोकार्बन प्रदूषणाचा साधारण पाचवा हिस्सा हा असा, न जळता, टाकीतून आणि कार्ब्युरेटरमधून थेट हवेत जात असे. म्हणजे गाडी दारात उभी असतानाही प्रदूषण करीतच होती.

त्या काळच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट ठेवलेली असे. ती आवश्यकच होती. पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत हवा शिरली नाही, तर आत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल पुढे जाईना. पण ज्या वाटेने हवा आत जाई त्याच वाटेने वाफ बाहेर येई. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि संपूर्ण अमेरिकेने १९७१ पासून ही वाट बंद करायला लावली. टाकी बंदिस्त झाली. वाफेला एका नळीवाटे सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात नेण्यात आले. कोळशाचे कण ती वाफ आपल्या पृष्ठावर धरून ठेवतात. पुढे इंजिन चालू झाले की एक झडप उघडते आणि इंजिन त्या डब्यातून हवा ओढून घेते, त्या हवेबरोबर धरलेले पेट्रोलही इंजिनात जाऊन जळते. मुळात कल्पना फार सुंदर आहे. जे वाया जात होते तेच इंधन म्हणून परत मिळाले. पण या रचनेत झाकणाचे स्थान पार बदलले. कालपर्यंत जे केवळ पेट्रोल हिंदकळून सांडू नये म्हणून होते, ते आता प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेचा एक भाग झाले. बंदिस्त टाकीचे ते दार होते, आणि दररोज उघडले जाणारे एकमेव दार होते.

हे सारे कायद्याने करवून घ्यावे लागले, यामागे एक कटू प्रकरण आहे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर, अमेरिकन मोटर्स आणि त्यांची संघटना यांच्यावर खटला भरला. आरोप असा की १९५३ पासून या कंपन्यांनी संगनमत करून प्रदूषण रोखणारी साधने विकसित करण्यात आणि बसवण्यात दिरंगाई केली. परस्परांत स्पर्धाच होऊ दिली नाही. त्याच वर्षी तडजोड होऊन खटला मिटला आणि कंपन्यांनी दोष कबूल केला नाही. परंतु नियामकांच्या मनात जे बसायचे ते बसले. १९६७ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचे पहिले अध्यक्ष कोण होते? तेच अननसवाले हागेन-स्मिट.

१९७० च्या दशकातील नियमांची एक मोठी उणीव लवकरच उघडी पडली. नवी कोरी मोटार प्रयोगशाळेत उत्तीर्ण होई, पण पाच वर्षांनी, हजारो मैल धावल्यावर, तिच्या नळ्यांना चिरा पडल्या, झडप अडकली, झाकणाची रबरी कडी सुकली तर ते कळणार कोणाला? मालकाला कळण्याचे कारण नव्हते; गाडी तर छान चालत असे. प्रदूषण यंत्रणेतील दोषाचे हेच वैशिष्ट्य आहे. ज्याची गाडी, त्याला त्रास नाही. त्रास होतो तो रस्त्यावरच्या परक्या माणसाला.

उत्तर आले ते संगणकाच्या वाटेने, तेही काहीसे आडवाटेने. तीन प्रकारच्या प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ असे अगदी नेमके लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या यंत्ररचनेला इतकी काटेकोर शिस्त पेलवत नव्हती. म्हणून धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर आला आणि त्याचे ऐकून पेट्रोलचे प्रमाण बदलणारा संगणक आला. १९८१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या सर्वच मोटारींत असा संगणक बसवला आणि त्याच्यासोबत डॅशबोर्डावर 'चेक इंजिन' हा दिवाही आला. संगणकाच्या सेन्सरांपैकी एखाद्याचे बोलणे बिनसले की दिवा लागे. मेकॅनिकने डॅशबोर्डाखालच्या एका सॉकेटमधील दोन टोके तारेने जोडली की तोच दिवा लुकलुकून दोषाचा क्रमांक सांगे. एकदा लुकलुक, थोडा विसावा, मग दोनदा लुकलुक म्हणजे १२. तारायंत्राच्या जमान्याची आठवण करून देणारी ही भाषा होती.

प्रत्येक कंपनीची भाषा मात्र निराळी. सॉकेट निराळे, क्रमांक निराळे, ते वाचायचे यंत्रही निराळे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचे दोष ओळखावेत असा पहिला नियम लागू केला, पण त्यात मुख्यतः विजेच्या जोडण्यांचीच तपासणी होती. तार तुटली तर दिवा लागे. वाफ गळत असली तर काहीच होत नसे.

१९८९ साली त्याच मंडळाने दुसऱ्या पिढीचा नियम संमत केला. पुढे तो ओबीडी-टू या नावाने जगभर गाजला. १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना तो लागू झाला. त्याने केलेले बदल साधे वाटतात, पण परिणाम दूरगामी होते. १६ टोकांचे एकच सॉकेट, चालकाच्या आसनाजवळ. दोषांचे क्रमांक सर्व कंपन्यांना समान. दिव्याचा रंग पिवळा. लाल रंगाला तर मनाईच होती, कारण लाल म्हणजे 'आत्ताच्या आत्ता थांबा', आणि हा दिवा तसे म्हणत नव्हता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संगणकाने केवळ तारा तपासून भागणार नव्हते, यंत्रणा खरोखर काम करते का याची परीक्षा घ्यावी लागणार होती. त्या परीक्षांपैकी एक होती टाकीच्या गळतीची.

ती परीक्षा कशी होते हे समजले की पेट्रोल भरल्यानंतर दिवा का लागतो, आणि लगेच न लागता दोन दिवसांनी का लागतो, याचा उलगडा होतो. संगणक टाकीचा बाहेरच्या हवेशी असलेला मार्ग एका झडपेने बंद करतो. मग इंजिनाच्या ओढीने टाकीत थोडा निर्वात निर्माण करतो आणि तो किती वेळ टिकतो ते पाहतो. कुठे छिद्र असेल तर बाहेरची हवा आत शिरते, दाब लवकर पूर्ववत होतो. काही गाड्या हीच परीक्षा रात्री, इंजिन बंद असताना घेतात. टाकी थंड होताना आतला दाब आपोआप घटतो, तो घटलाच नाही तर कुठेतरी फट आहे. आरंभी नियमाने एक मिलिमीटर व्यासाचे छिद्र पकडणे बंधनकारक केले. २००० च्या मॉडेलपासून ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आणण्यास सुरुवात झाली. साठ-सत्तर लिटरची टाकी, मीटरभर लांबीच्या नळ्या, आणि शोधायचे छिद्र सुईच्या टोकाएवढे! अशा नजरेतून अर्धवट फिरवलेले झाकण निसटणे शक्यच नव्हते.

ही परीक्षा हवी तेव्हा घेता येत नाही. टाकी काठोकाठ भरलेली किंवा जवळजवळ रिकामी असली तर दाबाचे गणित चुकते, म्हणून बहुतेक गाड्या पेट्रोल साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असतानाच ती घेतात. म्हणजे टाकी 'फुल' केल्यावर आधी थोडे पेट्रोल जळावे लागते. शिवाय एकदा नापास झाल्यावर संगणक दोष केवळ मनात नोंदवतो. पुढच्या परीक्षेतही तसेच आढळले तरच दिवा लावतो. निष्कारण घबराट होऊ नये म्हणून ही सोय. झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच विझत नाही, त्याचेही कारण हेच. लागोपाठ तीन वेळा परीक्षा निर्विघ्न पार पडल्यावर तो विझतो.

या दिव्याचा धाक मोठा होता. कॅलिफोर्नियात ठरावीक काळाने होणाऱ्या प्रदूषण तपासणीत २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या गाड्यांची मुख्य परीक्षा आता या सॉकेटमधूनच होते. दिवा लागलेला असेल तर गाडी नापास, आणि नापास गाडीची नोंदणी पुढे सरकत नाही. म्हणजे कंपनीने गाडीत बसवलेला साक्षीदार मालकाच्याही विरुद्ध साक्ष देऊ लागला.

आणि कंपन्यांच्या विरुद्ध? येथे इतिहास फार बोलका आहे. दिवा वारंवार लागला तर ग्राहक शोरूमच्या दारात येऊन बसतो. वॉरंटीत दुरुस्ती करून द्यावी लागते. प्रत्येक लागलेला दिवा म्हणजे कंपनीचा खर्च. तेव्हा दिवा जरा कमी लागला तर बरे, हा मोह निर्माण होणे क्रमप्राप्त होते.

जून १९९८ मध्ये अमेरिकी सरकार आणि होंडा यांच्यात तडजोड झाली. सरकारचा आरोप असा होता की १९९५ ते १९९७ च्या मॉडेलच्या सुमारे १६ लाख मोटारींत, ठिणगी चुकून पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे का हे पाहणारी परीक्षा बंद करून ठेवलेली होती. त्यामुळे दोष असूनही दिवा लागत नसे. वाढीव वॉरंटी, दंड वगैरे मिळून ही तडजोड सुमारे २६ कोटी ७० लाख डॉलरांची झाली. लगेच पुढच्या वर्षी, १९९९ साली, टोयोटावर खटला भरण्यात आला, आणि तो तर थेट आपल्या विषयाचा आहे. १९९६ ते १९९८ या काळातील सुमारे २२ लाख मोटारींतील संगणक टाकीच्या गळतीची परीक्षा पुरेशा वेळा घेतच नाही, असा सरकारचा दावा होता. परीक्षाच झाली नाही तर दिवा लागण्याचा प्रश्नच नव्हता. आमची यंत्रणा तुम्हीच मंजूर केली होती आणि आता नियमाचा अर्थ बदलता आहात, असा कंपनीचा पवित्रा. २००३ मध्ये हेही प्रकरण मिटले : गळती-यंत्रणेला वाढीव वॉरंटी, पाच लाख डॉलरांचा दंड आणि जुन्या डिझेल बसगाड्यांसारखी सार्वजनिक वाहने स्वच्छ करण्यासाठी दोन कोटी डॉलर.

२०१५ मधील फोक्सवॅगनचे डिझेल प्रकरण आपल्या पिढीला ठाऊक आहे आणि त्याची कथा नेहमी अभूतपूर्व म्हणून सांगितली जाते. व्याप्ती आणि हेतू यांच्या दृष्टीने ते खरे असेलही. पण संगणकाने काय पाहावे आणि काय पाहू नये यावरून सरकार आणि कंपन्या यांची झटापट त्याच्या सतरा वर्षे आधीच न्यायालयापर्यंत पोचली होती. माझ्या मते ओबीडीचा इतिहास लिहिताना या दोन तडजोडींना मिळते त्याहून बरीच मोठी जागा मिळायला हवी.

या लढ्याचा एक लाभ मात्र सामान्य मेकॅनिकच्या पदरात पडला. १९९० साली अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांत दोषांची माहिती आणि दुरुस्तीचे तपशील कंपन्यांनी केवळ आपल्या वितरकांनाच नव्हे तर दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही उपलब्ध करून द्यावेत, असे कलम होते. हेतू हवा स्वच्छ ठेवण्याचा. पण त्यामुळे कोपऱ्यावरचे गॅरेज जगले. आज आपल्याकडे काही शे रुपयांत मिळणारे, मोबाइलला जोडले जाणारे स्कॅनर त्याच १६ टोकांच्या सॉकेटमध्ये बसतात.

झाकणावरून लागणाऱ्या दिव्यांनी अमेरिकी ग्राहक पुरता वैतागला, हेही खरे. दर वेळी गॅरेजची फेरी, आणि निष्पन्न काय, तर झाकण सैल! मग नियामकांनी सवलत दिली : मोठी गळती झाकणाचीच असावी असे वाटले तर मुख्य दिव्याऐवजी 'झाकण तपासा' असा निराळा संदेश दाखवता येईल. फोर्डने २००८ च्या सुमारास झाकणच काढून टाकले. नळी आत गेली की उघडणारे आणि बाहेर आली की आपोआप मिटणारे तोंड बसवले.

दरम्यान पेट्रोल भरण्याच्या क्रियेकडेही नियमांची नजर वळली होती. टाकीत पन्नास लिटर पेट्रोल ओतले की आतील पन्नास लिटर वाफ बाहेर ढकलली जाते. तिला पकडण्यासाठी १९७० च्या दशकापासून कॅलिफोर्नियातील पंपांच्या नळ्यांना वाफ परत ओढून घेणारी आवरणे आली. पुढे १९९८ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ही जबाबदारी हळूहळू गाडीवरच टाकण्यात आली : भरतानाची वाफही कोळशाच्या मोठ्या डब्यात जाऊ लागली. यातूनच पेट्रोल भरल्यानंतरच्या दिव्याचे दुसरे मोठे कारण जन्मले. पंपाची नळी एकदा आपोआप बंद झाली, म्हणजेच 'ऑटो कट' झाला, की टाकी भरली. त्यानंतरही हट्टाने आणखी भरले तर द्रवरूप पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरू शकते. तो डबा वाफेसाठी आहे. ओला झालेला कोळसा निकामी होतो, त्याचे कण सुटून झडपेत अडकतात.

आपल्याकडील पंपांवर 'ऑटो कट'नंतर रक्कम शंभराच्या पटीत आणण्यासाठी नळी पुन्हा दोन-तीनदा दाबण्याचा जो रिवाज आहे, तो या दृष्टीने गाडीचा शत्रू आहे.

त्या झडपेचे लक्षण अगदी वेगळे असते. ती उघडीच अडकली तर पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी चालू व्हायला त्रास देते, चालू झाली तरी अडखळते. कारण टाकीतील ताजी वाफ बेहिशेबी इंजिनात ओढली जाते. पाच-दहा मिनिटांत गाडी सावरते आणि पुढच्या भरणीपर्यंत शहाण्यासारखी चालते. याउलट पंपावरून निघून काही किलोमीटर जाताच गाडी धक्के देऊ लागली आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर संशय भरलेल्या पेट्रोलवरच घ्यावा. लुकलुकणारा दिवा म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन धड जळत नाही आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळू पाहते आहे. तेव्हा गाडी बाजूला घेणेच योग्य. म्हणजे एकाच दिव्याच्या तीन कथा झाल्या. दोन दिवसांनी, काही लक्षण नसताना लागला तर गळती. भरल्याबरोबर अडखळण्यासह लागला तर झडप. वाटेत लुकलुकला तर इंधन. वेळ हाच येथे मोठा पुरावा आहे.

आता भारत. येथे एक गंमत, किंवा खरे म्हणजे गंभीर बाब आहे. भारत स्टेज ४ च्या मोटारींना १ एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. ज्या १३ शहरांत भारत स्टेज ४ प्रथम आले, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर ही आपली तीन शहरे होती. दुसऱ्या टप्प्याचे नावही 'ओबीडी-टू'. त्यामुळे अनेकांची समजूत अशी की अमेरिकेचेच नियम आपल्याकडे आले. प्रत्यक्षात भारताचे प्रदूषणाचे नियम आखले गेले ते युरोपच्या धर्तीवर, आणि युरोपने २००० च्या सुमारास ओबीडी स्वीकारताना टाकीच्या गळतीची परीक्षा त्यात बंधनकारक केलीच नाही. कोळशाच्या डब्याची झडप विजेने जोडलेली आहे की नाही, एवढे पाहिले की नियम संतुष्ट. पुण्याच्या एआरएआय या संस्थेमार्फत प्रसिद्ध होणाऱ्या आपल्या मानकांतही किमान अपेक्षा तेवढीच आहे. १९८८ च्या कॅलिफोर्नियाची आठवण येते ना? तार तुटली तर दिवा. वाफ गळली तर शांतता.

याचे दोन परिणाम होतात. पहिला व्यावहारिक. अमेरिकी व्हिडिओ पाहून भारतातील मालक पेट्रोल भरल्यावर दिवा लागला की आधी झाकण घट्ट करतो आणि निश्चिंत होतो. झाकण घट्ट असावे हे बरोबरच, पण भारतासाठी बनलेल्या बहुतेक मोटारींत सैल झाकणाने दिवा लागत नाही, म्हणून घट्ट केल्याने विझणारही नाही. आपल्याकडे भरणीनंतर दिवा लागला तर संशयितांच्या यादीत झाकणाच्या वर झडप येते आणि पेट्रोलमधील पाणी येते. पाणी पेट्रोलपेक्षा जड; ते टाकीच्या तळाशी बसते आणि इंधनाचा पंप नेमका तळातूनच ओढतो. आपल्या साखर कारखान्यांतून येणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळल्यापासून त्यात आणखी एक पदर आला आहे. इथेनॉल काही प्रमाणात पाणी स्वतःत सामावून घेते, परंतु मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपले तर अशा पेट्रोलने एकाच पंपावरच्या अनेक गाड्या एकाच दिवशी बंद पडू शकतात. तेव्हा पावती जपून ठेवावी, तीवर वेळ असते.

दुसरा परिणाम हवेचा. पेट्रोलची वाफ उष्णतेने वाढते. वैशाखातल्या विदर्भात उन्हात तापणारी टाकी आणि थंड युरोपातील टाकी यांना एकच माप लावण्यात काय शहाणपण आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसच्या धुक्याला लागणारी सामग्री, म्हणजे पेट्रोलची वाफ, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि भरपूर ऊन, आपल्या शहरांत उन्हाळाभर हजर असते. चीनने सहाव्या टप्प्याचे नियम करताना येथे युरोपची वाट सोडली आणि पेट्रोल भरतानाची वाफ गाडीतच पकडण्याची अमेरिकी पद्धत उचलली. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ आणताना आपण तसे केले नाही. धुराच्या नळीच्या बाबतीत आपण एक पायरी गाळून थेट चौथ्यावरून सहाव्यावर उडी घेतली, आणि ती खरोखरच मोठी होती. टाकीच्या झाकणापाशी मात्र आपली गाडी काही वाचत नाही. झाकणाची रबरी कडी सुकली, फाटली किंवा पंपावर झाकणच विसरून राहिले, तरी डॅशबोर्डावर अंधारच राहतो आणि ते पेट्रोल उडून जात राहते.